फी भरलीय ना, मग प्रेसची किल्ली मागा

आर्ट कॉलेजात फाउंडेशनला, म्हणजे सुरुवातीच्या वर्षाला, आलेली पोरं पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लॅब कुठंय ते विचारतात. लॅब राहू द्या. कॉम्प्युटर पुढं गावातल्या फ्लेक्सच्या दुकानातही मिळेल. एचिंग प्रेस (धातूच्या प्लेटवरून चित्राचे छाप काढायचं यंत्र), मातीकाम भाजायची भट्टी आणि उत्तरेच्या उजेडाचा स्टुडिओ मात्र कॉलेज सुटलं की सुटला. सांगलीत एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करून मी आता शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या वर्गात एक फळा आणि कपाटभर खडू आहेत.

कॉलेजात प्रेस असेल तर आधी किल्ली कुणाकडं असते ते बघा. सर सही करतात, कुलूप शिपाईमामा उघडतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात तिथं गर्दी उसळते, सत्राच्या सुरुवातीला कुणी फिरकत नाही. जस्ताची प्लेट नेण्याआधी कडा कानशीनं घासून उतरत्या करा, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसवरचं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापडही कापलं जातं. फेल्ट कापलं की मामा पुढं वर्षभर तुम्हाला ओळख देत नाहीत! कागद भिजवून, टिपून, ओलसर असतानाच लावायचा. प्लेट कोरायचं ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, आणि एकट्यानं करायचं नाही. प्रेस नसलीच तर लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा, कापा, चमच्याच्या पाठीनं घासूनही छाप उठतो.

भट्टीचं दुखणं वेगळं. वर्षातून मोजक्या वेळा पेटते, म्हणून तारीख आधीच विचारून तिच्या मागं काम आखायचं. जाड काम आतून पोकळ करा आणि पूर्ण वाळू द्या. आत ओल राहिली तर वाफ होऊन ते फुटतं, शेजारच्याचंही घेऊन जातं. वरून वाळलेलं दिसलं तरी गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात तर घाई नकोच.

स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीजवळची डाँकी (बसून चित्र काढायचं बाक) सकाळीच धरा. तिथं ऊन सहसा थेट येत नाही, त्यामुळं स्टिल लाइफच्या, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या, सावल्या तासातासाला सरकत नाहीत.

लायब्ररीतली मोठी चित्रांची पुस्तकं घरी देत नाहीत. बरंच आहे, तिथंच बसून पेन्सिलनं उतरवा. मागच्या वर्षांची जपून ठेवलेली सबमिशन शीटही बघायला मागा. चांगलं काम म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळतं.

आता कॉलेजबाहेरचं. सातारा जिल्ह्यातलं औंध एकदा तरी कराच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही. मोबाइलवर बघितलेला रविवर्मा आणि हाताच्या अंतरावरचा रविवर्मा, यात रंगाच्या थरांचा फरक असतो. जाताना कॉलेजचं पत्र घ्या, बसून रेखाटायला परवानगी मागणं सोपं जातं. सांगलीत स्केचिंगला भल्या पहाटे आयर्विन पूल आणि कृष्णेचा घाट. मिरजेत तंबोरे-सतार करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळ्यांचे आकार बघण्यासारखे आहेत, पण आधी विचारा आणि कामाच्या मध्ये उभं राहू नका.

पैशाचं थोडक्यात. एसटीच्या विद्यार्थी पासाला भाड्याचा तिसरा हिस्साच पडतो, बोनाफाईड पहिल्या आठवड्यातच काढा. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, त्याआधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं हवं. अर्ज भरला की ऑफिसात जाऊन तो कॉलेजकडून पुढं गेला का ते विचारत राहा. राज्य कला प्रदर्शनाला विद्यार्थी विभाग असतो. त्याचा कागद नोटीस बोर्डावर कोपऱ्यात लागतो, आणि फ्रेमवाल्याकडं तेव्हा झुंबड असते.