चरित्रनोंदीतले ‘केंब्रिज’ नेमके कोणते, हे कसे ठरवावे

जुनी मराठी चरित्रे, गौरवग्रंथ आणि मृत्युलेख चाळताना ‘पुढील शिक्षण केंब्रिज येथे झाले’ हे वाक्य हटकून भेटते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधले कॅम नदीकाठचे विद्यापीठ उभे राहते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु केंब्रिज नावाची गावे अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही आहेत, त्यांपैकी अमेरिकेतले एक तर तितक्याच तोलाच्या विद्वानांचे गाव आहे. एखाद्या अभ्यासकाची नोंद लिहिणाऱ्याने किंवा तपासणाऱ्याने हा प्रश्न अंदाजावर न सोडता पुराव्यानिशी कसा सोडवावा, ते पुढे दिले आहे.

सर्वप्रथम कॉलेजाचे नाव शोधावे. इंग्लंडमधल्या केंब्रिजची घडणच अशी आहे की विद्यार्थी आधी एका कॉलेजाचा सदस्य होतो आणि पदवी मात्र विद्यापीठ देते. ऑक्सफर्डच्या नगरवासीयांशी वितुष्ट आल्यावर तिथून बाहेर पडलेल्या विद्वानांनी १२०९ च्या सुमारास इथे अध्यापन सुरू केले, १२८४ मध्ये पीटरहाउस हे पहिले कॉलेज स्थापन झाले आणि आज अशी ३१ कॉलेजे आहेत. त्यामुळे या विद्यापीठात शिकलेल्या माणसाच्या कागदपत्रांत कॉलेजाचा उल्लेख कुठे ना कुठे सापडतोच: रामानुजन ट्रिनिटीचे, चिंतामणराव देशमुख जीझसचे, जगदीशचंद्र बोस क्राइस्ट्सचे.

मात्र कॉलेजाचे नाव सापडले म्हणजे काम संपले, असे समजू नये. ट्रिनिटी कॉलेज ऑक्सफर्डमध्येही आहे आणि डब्लिनमध्येही. किंग्ज कॉलेज लंडनमध्येही आहे. जीझस, पेंब्रोक आणि सेंट जॉन्स ही नावे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी आढळतात. केंब्रिजमध्येच ट्रिनिटी कॉलेज आणि ट्रिनिटी हॉल या दोन निराळ्या संस्था आहेत. देवनागरीत आणखी एक अडचण येते. मॉडलिन नावाचे कॉलेज दोन्ही विद्यापीठांत आहे आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये केंब्रिजच्या नावाच्या शेवटी एक जास्तीचे ‘ई’ असते, ऑक्सफर्डच्या नावात ते नसते. उच्चार एकच असल्याने मराठीत हा फरक पुसला जातो, म्हणून अशा ठिकाणी मराठी मजकुरावर विसंबू नये, मूळ इंग्रजी कागद पाहावा. नाव काळानुसार बदलले आहे का, हेही पाहावे. जयंत नारळीकरांच्या विद्यार्थिदशेत जे फिट्झविल्यम हाउस होते, तेच १९६६ पासून फिट्झविल्यम कॉलेज झाले. एका नोंदीत ‘हाउस’ आणि दुसरीत ‘कॉलेज’ दिसले तर त्या दोन संस्था समजण्याचे कारण नाही.

यानंतर पदव्या आणि मानचिन्हे तपासावीत. ‘रँग्लर’ हा शब्द आला की शंका उरत नाही, कारण तो फक्त इंग्लंडमधल्या केंब्रिजचा आहे. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला रँग्लर म्हणतात आणि त्यांच्यात पहिला येणाऱ्याला सीनिअर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झाले आणि महाराष्ट्रात ती पदवी त्यांच्या नावालाच जोडली गेली. विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे पुत्र जयंत हे दोघेही रँग्लर होते. रँग्लरांचे क्रमांक जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. त्यानंतरच्या एखाद्या नोंदीत ‘अमुक क्रमांकाचे रँग्लर’ असे आढळले तर तो क्रमांक कुठून आला, हे विचारावे. इंग्रजी कागदात पदवीपुढे ‘कँटॅब’ हे लघुरूप असेल तर ते केंब्रिजच्या लॅटिन नावावरून आलेले आहे आणि तेही इंग्लंडचेच. उलट, कला शाखेची पहिली पदवी ‘ए. बी.’ अशी उलट्या अक्षरांनी लिहिलेली असेल तर अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड विद्यापीठाकडे पाहावे, कारण तिथे तसेच लिहितात.

एम. ए. या दोन अक्षरांबाबत विशेष सावध राहावे. एका नोंदीच्या पहिल्या मसुद्यात मी ‘केंब्रिजचे एम. ए.’ असे लिहिले होते. मूळ पत्राच्या शिरोभागी केंब्रिज, त्यापुढे स्वल्पविराम, मग एम आणि ए ही अक्षरे आणि शेवटी शून्याने सुरू होणारा पाच अंकी आकडा होता. तो आकडा म्हणजे अमेरिकेतला टपाल क्रमांक आणि ती दोन अक्षरे म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याचे टपाली लघुरूप, हे मसुदा दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले. अमेरिकेत राज्यांची ही दोन अक्षरी लघुरूपे १९६३ पासून चालू आहेत. त्याआधीच्या पत्रांत बहुधा ‘मॅस’ असे लिहिलेले आढळते.

हे मॅसॅच्युसेट्समधले केंब्रिज पहिल्याचेच अपत्य आहे. १६३० मध्ये वसलेल्या या गावाचे नाव आधी न्यूटाउन होते. १६३६ मध्ये तिथल्या वसाहतीने कॉलेज काढायचे ठरवले, आणि वसाहतीतल्या अनेक धुरिणांचे शिक्षण इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये झालेले असल्यामुळे १६३८ मध्ये गावाला तेच नाव देण्यात आले. ज्याचे नाव त्या कॉलेजाला मिळाले तो जॉन हार्वर्डही केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचाच विद्यार्थी होता. १९१६ मध्ये एमआयटी ही संस्थाही बॉस्टनहून इथे आली. चार्ल्स नदी, हार्वर्ड, एमआयटी किंवा रॅडक्लिफ (हार्वर्डशी संलग्न असलेले स्त्रियांचे कॉलेज) यांपैकी काहीही आसपास दिसले, तर हे केंब्रिज अमेरिकेतले समजावे.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण कोसंबी पितापुत्रांचे आहे. धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये दामोदर त्यांच्याबरोबर गेले, केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. ‘केंब्रिज लॅटिन स्कूल’ हे नाव सुटे वाचले तर ते इंग्लंडमधले वाटावे असेच आहे. प्रत्यक्षात ती मॅसॅच्युसेट्समधली शाळा. दामोदर कोसंबींना इंग्लंडच्या केंब्रिजचे विद्यार्थी ठरवणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही, कारण त्यांच्या गणिताचा आणि विचारांचा पाया कोणत्या वातावरणात घातला गेला, हा चरित्राचा गाभ्याचा प्रश्न आहे.

ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठावरचे प्रकाशनस्थळ वाचतानाही हेच पथ्य पाळावे. तिथे केवळ ‘केंब्रिज’ असेल तर प्रकाशकाचे नाव पाहावे: केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस असेल तर इंग्लंड, हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेस किंवा एमआयटी प्रेस असेल तर अमेरिका. दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी संपादिलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्याचे केंब्रिज अर्थातच दुसरे. खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींत ‘केंब्रिजची वेधशाळा’ असा उल्लेख आला तर थांबावेच, कारण वेधशाळा दोन्ही गावांत आहेत.

भारतातल्या नोंदींत आणखी एक गल्लत वारंवार होते. ‘सीनिअर केंब्रिज उत्तीर्ण’ याचा अर्थ ती व्यक्ती केंब्रिजला गेली होती असा होत नाही. ती केंब्रिजच्या मंडळाने घेतलेली शालान्त परीक्षा होती आणि विद्यार्थी ती भारतातल्याच शाळेतून देत असत.

इतर केंब्रिजांचा निकाल सहसा लवकर लागतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातले केंब्रिज १९७३ मध्ये गाल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही गावे एकत्र करून निर्माण झाले, म्हणजे त्याआधीच्या कागदातले केंब्रिज ते असू शकत नाही. न्यूझीलंडमधले वाइकाटो नदीवरचे केंब्रिज ड्यूक ऑफ केंब्रिज या सरदाराच्या किताबावरून नाव पावलेले आहे, त्याचा विद्यापीठाशी थेट संबंध नाही. फसवे आहे ते इंग्लंडमधलेच ग्लॉस्टरशर परगण्यातले केंब्रिज नावाचे खेडे, कारण तेही कॅम नावाच्याच एका नदीवर आहे. जन्मस्थळ म्हणून केंब्रिज आले तर परगणा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निर्णय झाल्यावर पहिल्या उल्लेखात कॉलेज किंवा संस्था, गाव, देश अथवा राज्य आणि वर्षे ही सर्व लिहावीत. त्यानंतर नुसते केंब्रिज चालेल. निर्णय होत नसेल तर मूळ शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवावा, आपल्या मनाने देश जोडू नये. आणि एकाच व्यक्तीच्या आयुष्यात दोन्ही केंब्रिजे येऊ शकतात, हे लक्षात ठेवावे. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले असतात, हे दाखवून देणाऱ्या सेसिलिया पेन यांचे तसेच आहे. इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु तिथे स्त्रियांना १९४८ पर्यंत पूर्ण पदवी मिळत नसे, म्हणून तिथल्या शिक्षणाच्या उल्लेखात ‘पदवी’ हा शब्द घालता येत नाही. त्यांची नोंद अशी लिहावी: ‘न्यूनम कॉलेज, केंब्रिज (इंग्लंड), अध्ययन १९१९ ते १९२३, हार्वर्ड वेधशाळा, केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स), १९२३ पासून, पीएच. डी., रॅडक्लिफ कॉलेज, १९२५.’