टेडी शिवता येतो? मग बैल आणि वाघही शिवा

बचत गटाच्या बैठकीत हातानं शिवलेला टेडी नेला की बाया म्हणतातच, "किती सुंदर बनवलं व माय, विकत काहून नाही?" विकायचा जरूर, पण गुलाबी टेडी आठवडी बाजारात ढिगानं असतो आणि कारखान्याच्या भावाशी आपण टक्कर देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे मिळणार नाही असं काही शिवा.

मी भद्रावती तालुक्यातली. माझा भर दोन प्राण्यांवर आहे. पहिला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या पोळ्याचा, कापडी बैल. मोठी पोरं लाकडी बैल ओढतात, पण कडेवरच्या लेकराला त्याची शिंगं टोचतात. त्याच्या आईला मऊ बैल हवाच असतो. दुसरा वाघ, ताडोब्याच्या जंगलात वाघ बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी. जुलै ते सप्टेंबर कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागाची, सफारी बंद असते, नेमका तेव्हाच पोळा येतो. त्यामुळे हाताला वर्षभर काम राहतं.

फरचं कापड नागपूरला गांधीबाग-इतवारीत ठोक भावात बघा. कापड उलटं पसरा, केसांची दिशा हातानं चाचपून बाण काढा आणि सगळे भाग त्याच दिशेनं आखा. नाहीतर वाघाचा एक गाल चमकतो, दुसरा मळका दिसतो. कापताना कात्रीचं टोक फक्त मागच्या विणीतून सरकवा, केस कापू नका. शिवण झाली की टाक्यात अडकलेले केस सुईच्या टोकानं बाहेर ओढा. एवढ्यानंच जोड दिसेनासा होतो.

भरायला आपल्या घरचा कापूस वापरावासा वाटतो, मलाही वाटतो. पण धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि आतून लवकर वाळत नाही. खेळण्याला पॉलिस्टर फायबरच बरं. पहिल्यांदा नाकाडात, चिमूट-चिमूट, पेन्सिलच्या मागच्या टोकानं घट्ट दाबून भरा. चेहरा तिथेच ठरतो. मान त्याहून घट्ट, पोट सैल. तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी मणी किंवा बटणाचे डोळे लावू नका, काळ्या दोऱ्यानं भरतकाम करून डोळे काढा. निघालेला मणी घशात अडकला तर जीवावर बेततं. इथे मी कोणाचंच ऐकत नाही.

आता भाव. बाया कापडाचे पैसे धरतात, हाताचे धरत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. समजा कापड ६० रुपये, फायबर ३५, दोरा वगैरे १५, झाले ११०. तीन तास लागले, तासाला ५० धरले तर मजुरी १५०. जाण्यायेण्याचे आणि पिशवीचे २०. म्हणजे २८० ही तुमची घरची किंमत, नफा अजून धरलेलाच नाही. ३५० सांगा. "बाजारात दीडशेला मिळतो" असं कोणी म्हटलं तर शिवण उलटून दाखवा, पण भाव पाडू नका. आपल्या गावात निंदणाला जी मजुरी मिळते, त्याहून कमी तासाला कधीच धरू नका.

कागदपत्रं थोडीच आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन, फुकट होते. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून दूर राहा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, म्हणून कारागीर ओळखपत्र आधी काढा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटात असाल तर तालुक्याच्या प्रदर्शनात टेबल मिळतं का, ते विचारा.

पर्यटकांसाठी हाताच्या पंजात मावेल एवढा वाघ करा. मोठा त्यांच्या बॅगेत जात नाही. पोळ्याचं कापड मात्र पावसाळा लागायच्या आत आणून कोरड्या पेटीत ठेवा, फर एकदा ओलं झालं की वास धरतं.