पडद्याच्या कडांतून येणारा उजेड असा थांबला

जाड पडदा लावूनही पहाटे त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर पडत असत. अस्तर लावले, अधिक गडद कापड आणले, तरी फरक न पडल्याने फार वैताग आला. उजेड कापडातून नव्हे, तर पडदा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून येत होता. म्हणून आधी दांडी चौकटीच्या १५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर बाहेर जाईल अशा खुणा करून, पाणसळीने तपासून ब्रॅकेट बसवले. मग दांडीच्या दुप्पट रुंदीचे सुती कापड शिवण्यापूर्वी धुऊन घेतले (सुती कापड आटते, म्हणून हे टाळू नये) आणि जमिनीपासून १ सेंटिमीटर वर राहील असे शिवले. शेवटी पडद्याची बाहेरची कड दांडीच्या टोकावरून मागे वळवून भिंतीतल्या हुकात अडकवली. बाजूची फट खऱ्या अर्थाने बुजली ती यानेच.