डीएनए जेलमधल्या वाकड्या पट्ट्या: माझा अनुभव

आमच्या हौशी जीवशास्त्र गटाने प्लास्टिकच्या डब्यातून डीएनए जेल चालवायची, म्हणजे जेलीसारख्या थरातून वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायची पेटी बनवली होती. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे तो धन टोकाकडे सरकतो; तुकडा जितका छोटा तितका पुढे. आमच्या पट्ट्या (सारख्या लांबीच्या तुकड्यांच्या रेघा) मात्र तिरक्या जायच्या, शिवाय मधल्या रांगा (दर नमुन्याची एक) कडेच्यांच्या पुढे पळायच्या. सगळ्यांचा संशय ज्यापासून जेल बनतं त्या अ‍ॅगरोजवर. (बिचारं, नेहमी त्याच्यावरच बिल फाटतं.)

खरी गोम पेटीच्या टोकांना वीज पोचवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारेत होती. पेटी चालू असताना नीट पाहिलं: ऋण टोकाच्या तारेवर बुडबुड्यांची सलग रेघ, धन टोकाला मात्र जेमतेम अर्ध्या तारेवर बुडबुडे, उरलेल्या भागावर तपकिरी थर आणि भोवतालचं बफर (जेल ज्यात बुडवतात ते वीजवाहक द्रावण) पिवळसर. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणतात, पण धन टोकाला ते हळूहळू विरघळतं. वीज सगळीकडे सारखी पोचतच नव्हती.

प्लॅटिनम परवडेना, म्हणून धन टोकाला ग्रॅफाइटची कांडी आडवी बसवली. काळी पूड थोडी झडते, पण दर वेळी बफर बदललं की भागतं. पट्ट्या सरळ झाल्या.

मधल्या रांगांचं कारण वेगळं: जेल मध्यभागी जास्त तापतं, आणि तापलेल्या भागात डीएनए जास्त वेगाने सरकतो. इलेक्ट्रोडमधल्या (म्हणजे तार आणि कांडीमधल्या) अंतराच्या दर सेंटीमीटरला ५ व्होल्टच्या खाली आलो, बफर थंड करून ओतलं. वेळ बराच लागतो, लागू दे.

पिवळं बफर मोरीत ओतू नका, त्यात निकेल-क्रोमियम असू शकतं. आणि झाकण उघडताच वीज तुटेल अशी जोडणी सगळ्यात आधी करा.