बायपासनंतर दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावर

गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करून आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झाली आणि वजन उतरू लागलं की वर्षानुवर्षं रुसलेली पाळीही रुळावर येते. माझी आली. पण गॅस्ट्रिक बायपासनंतरचे पहिले १२ ते १८ महिने मूल नकोच; वजन घटत असताना अंगात पुरेसं पोषण नसतं. तोवर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातीलच असं नाही. मी तांबी बसवून घेतली.

ती काढण्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, फोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. कमी असेल ते आधी भरून काढा. फॉलिक अ‍ॅसिड तेव्हाच सुरू करा. डोस डॉक्टरच ठरवतील, कारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अजून ३०च्या वर असेल तर तो बराच जास्त असतो. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरची बारीक अक्षरंही वाचा. 'अ' जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात नको, बीटा-कॅरोटीनच्या रूपात हवं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

२४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी पुढे येतं. ते पिऊ नका. बायपासमध्ये साखर थेट लहान आतड्यात उतरते: आधी धडधड, घाम, जुलाब, आणि थोड्या वेळाने रक्तातली साखर धाडकन खाली. लॅबमधल्या ताईंना मी फाइल दाखवली, तरी "सगळ्याच पितात हो" हे ऐकावं लागलंच. त्याऐवजी डॉक्टरांना सांगून आठवडाभर घरीच ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गर्भाशय वाढलं की आतडी सरकतात, आणि बायपासमुळे पोटात राहिलेल्या फटीत आतड्याचं एखादं वेटोळं अडकू शकतं. वरच्या पोटात कळा, सोबत उलट्या, असं झालं तर अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका. रुग्णालय गाठा आणि "माझी गॅस्ट्रिक बायपास झालीय, सर्जनना बोलवा" हे पहिल्या वाक्यात सांगा. उलट्या दिवसेंदिवस थांबतच नसतील तर थायमिनबद्दल (बी१ जीवनसत्त्व) विचारा. सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी ते द्यावं लागतं.

शस्त्रक्रियेमुळे गर्भारपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका कमी होतो, मात्र बाळ लहान राहण्याची शक्यता वाढते. म्हणून वाढीच्या सोनोग्राफी चुकवू नका. केवळ बायपास झाली म्हणून सिझेरियन लागत नाही. बाळंतपणानंतर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळा, जठर आणि आतड्याच्या जोडाशी व्रण होऊ शकतो. आणि अंगावर पाजत असाल तोवर बी१२ सोडू नका, बाळाला ते तुमच्याच दुधातून मिळतं.