अळूची भावंडं आणि भांडखोर मासे: टाकी लावण्याआधीची तयारी

कॉन्व्हिक्ट या भांडखोर माशांची जोडी घरी यायच्या आधी महिनाभर टाकीत झाडं लागलेली हवीत. यादीतली ही पहिली गोष्ट, आणि बहुतेक घरांत ती सगळ्यात शेवटी होते. मासे आधी येतात, टाकी आपापसांत वाटून घेतात, मग आपण शनिवारी हौसेनं चार रोपं आणून त्यांच्या अंगणात खोचतो. त्यांच्या लेखी ते अतिक्रमण. सोमवारी सकाळी रोपं वर तरंगत असतात.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक ठरवा: आपला मासा झाडाचं नक्की करतो काय? हद्दीवरून भांडणारे सगळेच सिक्लिड कुळातले मासे झाडांचे सारखे वैरी नसतात. मलावी सरोवरातले म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात, त्यामुळे कोवळं पान दिसलं की कुरतडतात. ऑस्करला पानात रस नाही, पण फूट-फूटभर वाढणारा मासा वळला की रोप आडवं होतंच. एंजल विणीच्या दिवसांत शेजाऱ्यांना पिटाळतो, झाडाला मात्र धक्का लावत नाही. उलट रुंद पानावरच अंडी घालतो. कॉन्व्हिक्ट, म्हणजे आपल्याकडे काही दुकानांत ज्याला नुसतं झेब्रा म्हणतात तो मध्य अमेरिकेतला पट्टेरी मासा, खणतो. आणि फ्लॉवरहॉर्न असेल तर टाकीच्या आत झाडं लावायचा नाद सोडा. त्याच्यासाठी काय करायचं ते पुढे येईल.

खणणं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं होतं. चार फुटी टाकी, मागच्या काचेला लागून व्हॅलिस्नेरियाची नऊ रोपं ओळीनं लावलेली. मादी तिरकी होऊन वाळूत तोंड खुपसायची, गाल फुगेपर्यंत वाळू भरायची, वीतभर लांब जाऊन थुंकायची आणि परत यायची. नर नुसता पहाऱ्याला. संध्याकाळपर्यंत खालची काच दिसायला लागली आणि नऊपैकी सहा रोपं उपटली गेली होती. एकही पान खाल्लेलं नव्हतं. पिल्लांसाठी खड्डा करायचा होता, झाडं मध्ये आली, एवढंच. चूक माझी होती: मुळं वाळूत ठेवली होती.

तेव्हा निवडीचा निकष सोपा ठेवा. झाड वाळूशिवाय जगतं का? अनुबियास जगतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं हे झाड अळूच्या कुळातलं आहे, आणि अळू चिरणाऱ्या हातांना पुढचं सांगायला नको: या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांचीच. त्यात पान जाड, चामड्यासारखं. म्बुनासुद्धा एकदोनदा चावून बघतात आणि बहुधा सोडून देतात. वाढ मात्र गोगलगायीची, महिन्याला जेमतेम एखादं पान, म्हणून विकत घेताना छोटं स्वस्त रोप घेऊन मोठं करण्याचा मोह टाळा. पाच-सहा पानांचं, बोटभर खोड असलेलं घ्या आणि खोड दाबून बघा. मऊ लागलं किंवा वास आला तर ते आतून कुजलंय.

बांधायचं कसं, तर आधी मुळांभोवतीचा कापूस आणि शिशाची पट्टी काढून टाका. अनुबियासचं आडवं खोड, ज्याला रायझोम म्हणतात, ते दगडाच्या खाचेत ठेवा आणि तंगूसाचे दोन वेढे द्या. आवळू नका; खोडावर रुतलेला धागा ते कापतो. साधा सुती दोरा पाण्यात काही आठवड्यांत सडतो, अनुबियासला दगड पकडायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून इथे तंगूसच. जेलसारखा सुपरग्लूही चालतो, मुळांना थेंबभर. खोड वाळूत पुरायचं नाही. पुरलं की कुजलं, याला अपवाद मी पाहिलेला नाही.

दगड आपल्याकडे फुकट आहे. काळा पाषाण घ्या, ब्रशनं घासा, उकळतं पाणी ओता. कोणता दगड आहे याची खात्री नसेल तर वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुन्याचा, तो पाणी जड करतो. मलावीच्या माशांना ते आवडेलही, बाकीच्यांसाठी बाजूला ठेवा. आणि हे विसरू नका: दगड आधी खालच्या काचेवर बसवायचे (खाली थर्माकोलचा पातळ तुकडा), मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासा बोगदा करतो आणि दगड एक दिवस त्याच्याच अंगावर किंवा काचेवर येतो.

दुसरं झाड जावा फर्न. हेही दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. त्याच्या पानाखाली काळे ठिपके ओळीनं दिसले की लोक रोग समजून पान तोडतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, राहू द्या. बोल्बिटिस हे आफ्रिकन नेचं देखणं आहे, पण त्याला वाहतं पाणी लागतं, म्हणून फिल्टरच्या तोंडाजवळ जागा असेल तरच घ्या.

व्हॅलिस्नेरिया मी तरीही सोडलेली नाही. उंच रिबिनीसारख्या पानांचा पडदा दुसरं कुठलंही झाड इतक्या लवकर देत नाही, शिवाय बोअरचं जड पाणी तिला मानवतं. फक्त आता ती कुंडीत. कुंभाराकडून रंग न दिलेल्या मातीच्या चार इंची कुंड्या आणा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, तळाशी खताची गोळी, वर वाळू, रोप, आणि रोपाच्या बुंध्याशी मोठे गोटे अगदी चिकटून. मादी गोटे उचलू शकत नाही. एक कुंडी जास्त आणा आणि आडवी ठेवा. ती त्यांची बाळंतिणीची खोली.

अळूचं दुसरं भावंड टाकीच्या बाहेर राहतं: मनी प्लांट. फांद्या धुऊन मुळं तेवढी पाण्यात सोडायची, पानं वर हवेत. माशांच्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट तो भराभर ओढून घेतो. फ्लॉवरहॉर्नवाल्यांनी हेच करावं, मुळांभोवती जाळीची टोपली लावून.

काय आणायचं नाही, तेही लिहून ठेवा. लकी बांबू पाण्यात पूर्ण बुडवायचं झाड नाही, दुकानदार काहीही म्हणो. नाजूक पानांचा काबोम्बा दोन दिवसांत फिल्टरमध्ये अडकलेला सापडेल. आणि कासच्या पठारावरचा वायतुरा किंवा कुठल्याही डबक्यातलं रोप उपटून आणू नका. वायतुरा साताऱ्याच्या पट्ट्याबाहेर मिळणं मुश्कील, त्याला तिथेच असू द्या. उलट दिशेनंही तेच: जास्तीची झाडं नदीत टाकायची नाहीत. मुळा-मुठेतली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतलीच आहे.

आणलेली रोपं सरळ टाकीत जात नाहीत. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग स्वच्छ धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत, खिडकीशी. गोगलगायीची अंडी पानाखाली पारदर्शक थेंबासारखी असतात; नखानं खरवडा.

मांडणीचा हेतू सजावट नाही, आडोसा आहे. दोन मासे एकमेकांना सतत दिसत राहिले की भांडण थांबत नाही. टाकीसमोर जमिनीवर बसा, डोळा माशाच्या उंचीला आणा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आरपार दिसतंय का पहा. दिसत असेल तर मध्ये अनुबियासचा दगड सरकवा. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत, म्हणजे सुमारे २५० लिटरमध्ये, असे दोन पडदे पुरतात: एक जोडीच्या कुंडीजवळ, एक हाकलल्या गेलेल्याला लपायला.

दिवा सात तास, टायमरवर. अनुबियास थेट दिव्याखाली आलं की पानांवर काळं शेवाळ धरतं, म्हणून त्याला व्हॅलिस्नेरियाच्या सावलीत ठेवा. फिल्टरमध्ये मित्राच्या निरोगी टाकीतला मळका स्पंज पिळून टाका. नव्या पाण्यात पहिले दोन आठवडे जुनी पानं पिवळी पडतील, ती कापा. झाड उपटून मुळं तपासत बसू नका. नवं पान फुटलं की समजा लागलं.

मासे संध्याकाळी सोडा, दिवा बंद करून. सकाळी आधी कुंड्यांभोवतीचे गोटे बघा. एखादा सरकलेला असेल. तो परत जागेवर ठेवताना हात चावला गेला तर दचकून काच फोडू नका, टोचतं तेवढंच. कात्री, तंगूस आणि दोन-चार जास्तीचे गोटे टाकीखालच्या खणात ठेवलेले बरे.