दोन्ही उतारे तपासा : बेळगाव सीमाभागात शेती-प्रकल्पांचा सल्लागार म्हणून काम कसे करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सल्लागाराकडे येणारी बहुतेक माणसे एकच मागणे घेऊन येतात : बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून हवा. शेड किती फुटांचे, यंत्र कोणत्या कंपनीचे, अनुदान किती टक्के हे त्यांनी आधीच ठरवलेले असते आणि सल्लागाराने ते सगळे फक्त नीट टाइप करून सही-शिक्क्यानिशी द्यावे, एवढीच अपेक्षा असते. या कामात नव्याने उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की अहवालातला प्रत्येक आकडा पुढे कोणाला तरी हप्त्याच्या रूपाने फेडावा लागतो आणि फेडणारा तो संस्थेचा सभासद बहुधा पहिल्या बैठकीला हजरच नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचणे हे कामाचे पहिले आणि सर्वांत वेळखाऊ अंग आहे.

काम हाती घेतल्यावर कागद मागवण्याआधी जागा पाहावी. बेळगाव जिल्हा हा एकच प्रदेश समजून कोणताही नमुना अहवाल सगळीकडे वापरता येत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेला अथणीकडे शेतकरी आभाळाकडे आणि कालव्याकडे डोळे लावून बसलेला असतो. मधल्या बेळगाव तालुक्यात पश्चिमेकडच्या गावांत भात, बटाटा आणि रताळी, तर शहराला लागून असलेल्या काळ्या शिवारात भातानंतर ओलीवर येणारी मसूर आणि वाटाणा अशी पद्धत आहे. निपाणीकडे बिडीचा तंबाखू आणि ऊस आहे. शिवार फेरी मारताना विहिरींची पाणीपातळी, क्षारपड झालेली जमीन आणि जनावरांचा उपद्रव या तीन गोष्टी विचारल्याशिवाय परत येऊ नये. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावात गवे आणि रानडुकरे पिकात शिरतात, म्हणून तेथील ऊस किंवा भाताच्या उत्पन्नातून नुकसान आणि राखणीचा खर्च वजा केलेला नसेल तर तो आकडा खरा नव्हे.

नदीकाठच्या जागेबद्दल एक खबरदारी स्वतंत्रपणे सांगावी लागते. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या भागात पूर येण्यासाठी तेथे पाऊस पडावाच लागतो असे नाही. पाऊस कोयनेच्या खोऱ्यात आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर पडतो, पाणी कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगेतून खाली येते. म्हणून स्थानिक पर्जन्यमानाचे तक्ते जोडून गोदामाची जागा सुरक्षित ठरवणे ही शुद्ध फसवणूक होईल, मग ती अजाणतेपणी झालेली का असेना. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी कोठवर आले होते हे शेजारच्या तीन-चार घरांत विचारावे, भिंतीवरची खूण टेपने मोजावी आणि जोत्याची उंची तिच्याहून वर धरावी. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे.

यानंतर कागद. मराठी शेतकरी बोलताना सर्रास 'सातबारा' म्हणतो, परंतु आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकात, जमिनीचा दस्तऐवज म्हणजे आरटीसी, ज्याला कन्नडमध्ये पहाणी आणि घरात नुसते 'उतारा' म्हणतात. 2000 च्या सुमारास भूमी प्रकल्पाखाली हे उतारे संगणकावर आले, ते कन्नडमध्ये असतात आणि त्यातील क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते. 40 गुंठ्यांचा एक एकर हे ठाऊक नसलेला माणूस या भागात सापडणार नाही, पण हेक्टरमध्ये लिहिलेला बँकेचा अर्ज आणि गुंठ्यांतला उतारा यांचा मेळ घालताना चुका होतात त्या सुशिक्षितांकडूनच. उतारा वाचताना नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा एवढ्यावर न थांबता बोजाचा रकाना पाहावा. आजोबांच्या नावावरच राहिलेली जमीन, म्हणजे कन्नड दप्तरी भाषेत ज्यासाठी पौती खाते (वारसनोंद) करावे लागते ती, अनेक घरांत असते. प्रकल्पाची जागा सामाईक असेल तर सर्व भावांची आणि बहिणींची संमती आधी घ्यावी, कारण शेड उभे राहिल्यावर मागितलेल्या सहीची किंमत वाढलेली असते. हिस्सा विकायचा किंवा वाटून घ्यायचा असल्यास 11-ई नकाशा (हिस्स्याचा मोजणी नकाशा) लागतो आणि शेतजमिनीवर कारखानदारी स्वरूपाचे काम करायचे असल्यास बिनशेतीची परवानगी लागू शकते. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरावा.

सीमाभागाची खास अडचण योजनांच्या बाबतीत येते. येथील शेतकरी वर्तमानपत्र मराठी वाचतो, नातेवाईक गडहिंग्लज-चंदगडला असतात आणि पाव्हण्याने शेततळ्याला अनुदान घेतले म्हणजे आपल्यालाही त्याच योजनेतून मिळेल असे त्याला वाटते. महाराष्ट्र शासनाची योजना महाराष्ट्रातल्या शिनोळीपर्यंत चालते, कर्नाटकातल्या बाचीला चालत नाही. कर्नाटकात शेततळ्याला कृषी होंड म्हणतात आणि कोरडवाहू भागासाठी ते कृषी भाग्य योजनेतून दिले गेले आहे. अर्जासाठी फ्रूट्स या शेतकरी-नोंदणी प्रणालीवरील एफआयडी (शेतकरी ओळख) क्रमांक लागतो आणि चौकशी होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात करावी लागते. केंद्राच्या योजना दोन्हीकडे सारख्या असल्या तरी त्यांची अंमलबजावणी करणारे खाते वेगळे असते. म्हणून प्रत्येक योजनेसमोर ती कोणत्या सरकारची आणि अर्ज कोणत्या टेबलावर जाणार हे लिहून ठेवावे. अटी आणि मुदती बदलत असल्याने अर्जाच्या आठवड्यातील परिपत्रक पाहूनच आकडा टाकावा.

अहवाल तीन भाषांत लागतो हे गृहीत धरूनच शुल्क ठरवावे. बँकेला इंग्रजी, खात्याला आणि पंचायतीला कन्नड, आणि सभासदांच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी मराठी. यांतील मराठी प्रत कोणी मागत नाही, म्हणूनच ती आधी लिहावी, असे माझे मत आहे. चार पानांत, बेरीज-वजाबाकीसह लिहिलेला तो मजकूर मंदिराच्या सभामंडपात मोठ्याने वाचला की मागच्या रांगेतून एखादे आजोबा विचारतात, "एवढा ऊस आणणार कुठनं?" आणि दोन महिन्यांचे काम त्या एका प्रश्नाने वाचते. कन्नड येत नसेल तर ते शिकावे, निदान उतारा आणि नोटीस वाचण्याइतके. दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या कागदावर सही करणारा सल्लागार धोक्यात असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा मांडावा ते एका उदाहरणाने पाहू. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत बेळगाव जिल्ह्याचे उत्पादन म्हणून गूळ निवडलेला आहे आणि वैयक्तिक घटकाला खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे, त्यामुळे सुधारित गुऱ्हाळाचे प्रस्ताव बरेच येतात. समजा, दिवसाला 20 टन ऊस गाळायचा आहे. ऊस टनाला 3,000 रुपयांनी आणि गूळ किलोला 40 रुपयांनी धरू. हे भाव केवळ हिशेबासाठी आहेत. गुळाचा उतारा साडेदहा टक्के धरला तर 2.1 टन गूळ, म्हणजे 84,000 रुपये. उसाचे 60,000 वजा जाता 24,000 उरतात. त्यातून गुळव्या (गूळ करणारा कारागीर), चुलवाण, मजुरी, वीज, रस साफ करायची भेंडी-चुना, पॅकिंग, व्याज आणि हप्ता भागवायचा आहे. उतारा दहावर आला की गूळ 2 टन, हातात 20,000. अर्ध्या टक्क्याने शिल्लक रकमेचा सहावा हिस्सा नेला. हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, उतारा कमी असतो आणि थंडी मुरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, तो वाढतो. अहवालात मात्र फेब्रुवारीचा उतारा पूर्ण हंगामाला लावलेला असतो. आपल्या भाषेने जमिनीच्या कागदाला आणि उसातून मिळणाऱ्या गुळाच्या प्रमाणाला एकच शब्द दिला आहे. दोन्ही उतारे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहू नयेत. शेजारच्या चालू गुऱ्हाळावर दोन दिवस बसून, मोळीचे वजन आणि काहिलीतून निघालेल्या गुळाचे वजन स्वतः टिपावे.

दुसरा प्रश्न दिवसांचा. कागदावर 120 दिवसांचा हंगाम लिहिणे सोपे असते, परंतु चरकाची (ऊस गाळायच्या यंत्राची) दुरुस्ती, मजुरांच्या सुट्ट्या, अवकाळी पाऊस आणि तोडणी टोळी न मिळणे हे सगळे धरले तर 90 दिवस चालले तरी पुष्कळ. 90 दिवसांना 1,800 टन ऊस लागतो आणि एकरी 40 टन धरल्यास तो 45 एकरांत येतो. "45 एकर तर आमच्या भावकीतच आहे" असे उत्तर लगेच मिळते. ते खरेही असते, पण त्याच 45 एकरांची नोंद साखर कारखान्याकडे झालेली असते, सोसायटीचे पीककर्ज त्या उसावर उभे असते आणि कारखान्याची टोळी दारात आली की भावकी मागे राहते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका गावाच्या प्रस्तावात मी संस्थेच्या अध्यक्षांनी दिलेले उसाचे क्षेत्र तसेच उतरवून घेतले होते. पहिल्या हंगामात चरक निम्मे दिवस थांबून राहिला. चूक माझी होती. तेव्हापासून मी किमान 25 शेतकऱ्यांना वेगवेगळे गाठून तीन प्रश्न विचारतो : मागच्या तीन हंगामांत ऊस कोठे घातला, बिल किती दिवसांत हाती आले, आणि सोसायटीची वसुली कोणत्या बिलातून होते.

तिसरा प्रश्न खेळत्या भांडवलाचा, आणि बहुतेक घटक येथेच बुडतात. कायद्याने कारखान्याने 14 दिवसांत उसाचे बिल द्यावयाचे असते; गुऱ्हाळाकडे शेतकरी रोखीच्या आशेने येतो. रोज 60,000 रुपयांचा ऊस घेऊन गुळाचे पैसे 30 दिवसांनी येणार असतील तर 18 लाख रुपये सतत बाहेर अडकलेले असतात. यंत्रासाठी मुदत कर्ज मागताना ही रक्कम वेगळी दाखवलीच पाहिजे. कर्जफेडीची क्षमता पाहण्यासाठी बँक डीएससीआर काढते, म्हणजे वर्षाच्या शिलकीला त्या वर्षाच्या हप्ता व व्याजाने भागते. हे गुणोत्तर दीडच्या आसपास आणण्यासाठी विक्रीचा भाव वाढवून लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रकल्प लहान करावा. वेष्टनावर 'कोल्हापुरी' छापण्याचा आग्रह धरला गेला तर नम्रपणे नकार द्यावा, कारण कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. तांत्रिक प्रश्नांसाठी संकेश्वरचे ऊस संशोधन केंद्र, बेळगावची एस. निजलिंगप्पा साखर संस्था आणि मत्तीकोपचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहेत.

खानापूरच्या काजूला हीच पद्धत लावता येते. कच्च्या बीच्या वजनाचा चौथा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा कमी, गर मिळतो आणि बी खरेदीला चंदगडचे कारखानदार आपल्याआधी उभे असतात. रताळ्यासाठी शीतगृह सुचवू नये; ते थंडीने खराब होते.

संस्थेचे स्वरूप कोणते असावे हा प्रश्न प्रकल्पाच्या आधी सुटलेला असावा. गावात कृषी पत्तीन सोसायटी (शेतीची पतसंस्था) धडधाकट असेल तर नवी संस्था काढण्यात अर्थ नसतो. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान 10 उत्पादक आणि 5 संचालक लागतात, पण 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत मदतीसाठी मैदानी भागात किमान 300 सभासदांची अट होती. त्या योजनेत तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत आणि सभासदांच्या भागभांडवलाइतके, सभासदामागे कमाल 2,000 रुपये व कंपनीला कमाल 15 लाख रुपये, असे साहाय्य ठेवले होते. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार कोठून येणार, हा तक्ता ज्या अहवालात नसतो तो पुरा झालेला नसतो. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षे 3 टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे, ती व्याजाच्या तक्त्यात दाखवावी, परंतु सवलत वेळेवर न आल्यास हप्ता भरता येतो का हेही त्याच पानावर दाखवावे.

शुल्काबाबत स्पष्ट असावे. मंजूर अनुदानाच्या टक्केवारीवर काम घेऊ नये, कारण त्या दिवसापासून सल्लागाराचा स्वार्थ प्रकल्प मोठा करण्यात असतो. पाहणी, अहवाल आणि मंजुरीनंतरची देखरेख असे तीन टप्पे करून लेखी करार करावा आणि पाहणीचे पैसे 'प्रकल्प करू नये' असा निष्कर्ष निघाला तरी मिळतील असे त्यात लिहावे. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते; सल्ल्यावर 18 टक्के कर असल्याने लहान संस्थांना ती रक्कम आधी सांगावी, नाहीतर शेवटच्या बिलावर वाद होतो.

मंजुरीनंतर पहिल्या हंगामात दर पंधरवड्याला एक फेरी ठेवावी. त्या फेरीत ऊस किती आला, गूळ किती निघाला, पैसे किती अडकले एवढे तीनच आकडे घ्यावेत आणि ते अहवालातल्या आकड्यांशेजारी, त्याच मराठी प्रतीवर, पेनने लिहून सचिवांची सही घ्यावी.